खोडरबराला मनाई

आमच्या संगणक विभागात खोडरबराला मनाई होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, पण मनाई होती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावरचा कोरा खोडरबर बाईंनी दोन बोटांत उचलला, खिडकीपाशी नेला आणि बाहेरच्या सरकीच्या ढिगाकडे भिरकावून दिला. मग शांतपणे खुर्चीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं तर बाजूले बरोबर लिवा, भाऊ. चुकलेलं राहू द्या. कोनाले ना कोनाले तेच पाठ असते."

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. अमरावतीहून संगणकाची पदवी घेऊन आलेला. वडील कलेक्टर कचेरीत, आजोबा कोर्टात, त्यामुळे कागद कसा ठेवावा हे आपल्याला जन्मतःच कळतं असा माझा समज. बाई पन्नाशीच्या, मॅट्रिक झालेल्या, बोरी अरबच्या. एका मॅट्रिक बाईनं माझा खोडरबर फेकला आणि मी काही बोललो नाही, हे मला कितीतरी दिवस सलत होतं. खरं सांगायचं तर बाईंविषयी मला जे वाटत आलं त्याला हेवा याखेरीज दुसरा शब्द नाही. आदर वगैरे मी नंतर, लोक विचारायला लागले तेव्हा जोडला.

आमची संस्था यवतमाळातली. शेतकऱ्यांकडून कापूस घ्यायचा, त्यातली सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या. पांढरकवडा, पुसद आणि बोरी अरब इथे आमची खरेदी केंद्रं होती. ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या वर्तमानपत्रांत यायचं आणि ते वाचायला आमच्यापैकी कुणालाच नको वाटायचं. संस्थेतली माणसं दर हंगामाला कमी होत होती. अशात साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, मला घेतानाच सांगितलं होतं की संगणक विभागाच्या प्रमुखाची एक कायम जागा हंगाम संपला की भरायची आहे. "तुम्ही किंवा बाई," ते म्हणाले होते. मला ‘किंवा बाई’ हा विनोद वाटला होता.

सगळे त्यांना ‘बोर्डवाल्या बाई’ म्हणत. संस्थेत पूर्वी टेलिफोनचा बोर्ड होता, भोकांत वायरींच्या खुंट्या खोचून फोन जोडायचा. बाई त्या बोर्डावर पंधरा वर्षं बसल्या होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत. फोन करणारा नंबर कधीच सांगायचा नाही. ‘वजनकाट्यावर द्या’, ‘पुसदच्या भाऊसाहेबांना लावा’, एवढंच. "नंबर मानसाच्या ध्यानात राहत नाई," बाई म्हणायच्या, "नावच राह्यते. नावाचा नंबर काढून देनं, हेच तं माहं काम होतं." पुढे आपोआप जोडणारं यंत्र आलं, बोर्ड भंगारात गेला, आणि बाईंना कुठेतरी बसवायचं म्हणून संगणकाच्या खोलीत बसवलं. तिथे नागपूरचा एक माणूस लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारं मोठं यंत्र लावून, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून निघून गेला होता. बाईंनी ते पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन दोन वर्षं वाचलं. त्यांना उच्चार एकही धड येत नसे, पण पुस्तक येत होतं. मला सगळे उच्चार येत होते.

त्या यंत्रांचं बोलणं तसं साधं असतं. प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि प्रत्येक यंत्राच्या पोटात एक यादी असते. एका ओळीत आधी आकडा, मग यंत्राचं पूर्ण नाव, मग त्याची जवळची नावं, जितकी हवी तितकी. यंत्र त्या यादीत बघून ठरवतं की कुणाला हाक मारायची आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची. आता ही कामं दुसरीकडे कुठेतरी होतात. तेव्हा आमच्याकडे ती यादी हातानं लिहिलेली असे आणि बाईंना ती तोंडपाठ होती. रोज सकाळी पदर खोचून, चष्म्याची दोरी मानेमागे सारून त्या पडद्यावरची यादी मोठ्यानं वाचत, पोथी वाचावी तशी. तीच यादी एका लांबट वहीतही पेन्सिलीनं लिहिलेली होती. वहीत एकही खाडाखोड नव्हती.

नवीन यंत्र आलं की त्याचं बारसं व्हायचं. हे मी गमतीनं म्हणत नाही. खोकं उघडायच्या आधी बाई घरून घुगऱ्या करून आणत, सगळ्या कार्यालयात वाटत, आणि नाव ठरल्याशिवाय यंत्राचं बटण दाबू देत नसत. नाव ठेवलं नाही तर लिनक्स आपणहून यंत्राला ‘लोकलहोस्ट’ म्हणतं. बाई म्हणायच्या, "ते म्हंजे नुसतं बाळ. जगातलं सगळंच बिननावाचं बाळ ते. धा बाळं एका पाळन्यात टाकाल तर कोन कोनाचं, काय समजनार?"

नावाचे त्यांचे नियम कडक होते. जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही. एकदा साहेबांनीच आपल्या यंत्राला आपलं नाव द्यायला सांगितलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, उद्या मशीन बंद पडली तं चपराशी बाहेर सांगन, साहेब गेले." साहेबांनी विषय सोडला. देवाचं नाव नाही, तेही याच कारणानं. गावाचं नाव नाही, आकडा तर मुळीच नाही. "यंत्र आज पुसदले आहे, उद्या बोरीले जाईन. खुर्ची बदलते, गाव बदलते. नाव काहून बदलावं?" म्हणून त्यांनी नद्या घेतल्या, आणि मुद्दाम ज्या गावाजवळ जी नदी नाही ती तिथे दिली. मुख्य कार्यालयातलं मोठं यंत्र पैनगंगा. पांढरकवड्याचं वाघाडी, पुसदचं निर्गुडा, बोरी अरबचं अरुणावती. पांढरकवड्याजवळून खुनी नदी वाहते, ती मात्र त्यांनी वहीत घेतलीच नाही. "खुनी बंद आहे, असं कोनी फोनवर आईकलं तं पोलीस येतीन," म्हणाल्या.

नुसत्या नावानं भागत नाही, पुढे टिंब देऊन घराचं नाव लागतं. त्याला डोमेन म्हणतात. मी संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं सुचवली होती. बाईंनी ‘सरकी’ लिहून टाकलं. वाघाडी टिंब सरकी. मी कारण विचारलं. "रुई परगावाले जाते, भाऊ. घरी राह्यते ते सरकी." साहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी संचालकांच्या बैठकीत सांगितलं, आणि माझा जळफळाट झाला. मी तीन वर्षं शिकून आलो होतो, पण माझं एकही वाक्य त्या बैठकीत पोचलं नव्हतं.

त्यांचा कानही तसाच. केंद्रांवरची यंत्रं दिवसातून तीनदा टेलिफोनच्या तारेवरून पैनगंगेशी बोलत. तार आणि यंत्र जोडणारा मोडेम आधी शिट्टी वाजवतो, मग खरखरतो. बाई पाठमोऱ्या बसून त्या खरखरीवरून सांगत, "पुसदच्या लाइनले सर्दी झाली, आज कागद अर्धाच येनार." आणि कागद अर्धाच येत असे. मी पुढे कित्येक दुपारी दार लावून ती शिट्टी ऐकली. मला ती सगळीकडची सारखीच वाटली.

पण खरी आग लावायचा तो टेलिफोन. तो माझ्या टेबलावर होता. केंद्रावर काही अडलं की तिथला माणूस फोन करायचा, मी उचलायचो, अगदी इंग्रजीत ‘येस’ म्हणायचो, आणि पलीकडून यायचं, "बाईले द्या." मी सांगायचो, मला सांगा, मी बघतो. मग पुन्हा, "नाई, बाईच नाई काय?" पांढरकवड्याचा ऑपरेटर यात सगळ्यात वाईट होता. चाळिशीचा, शांत, कामाला चोख माणूस. बाई जेवायला गेल्या असतील तर तो म्हणायचा, "जेवू द्या त्याहीले. मी करतो मंग." अर्ध्या तासानं पुन्हा घंटी, पुन्हा "बाईले द्या". माझ्या पदवीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, पण ते फोनवरून कुणाला दिसत नव्हतं.

बाईंची एकच गोष्ट मला त्यांच्या तोंडून कळली, तीही भारनियमनामुळे. उन्हाळ्यात दुपारी वीज जायची आणि आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसायचो. मी त्यांना सहज विचारलं होतं की यंत्राचं नाव बदललं तरी जुनं नाव त्या यादीत का ठेवतात. बाई डब्यातली बडीशेप तळहातावर घेऊन तिच्यातल्या काड्या निवडत होत्या.

"माहं लग्न झालं तवा नाव बदललं," त्या म्हणाल्या. "ताटात तांदूळ, आंगठीनं लिवलं नवऱ्यानं. तसं सगळ्याइचंच बदलते. पन लग्नाच्या आंधी मी टेलिफोनच्या ट्रेनिंगचा अर्ज केलता, नागपूरले. त्याचं बोलावनं आलं ते माहेरी, जुन्या नावानं. भावानं पत्ता खोडून सासरचा लिवला. नाव तसंच राह्यलं."

"मग?"

"पोस्टमन दारात आला. सासूनं नाव आईकलं अन् म्हनाली, ह्या नावाचं अठी कोनी नाई. खोटं नाई बोलली ते. तिले ठाऊकच नोतं. मी आत दळन निवडत बसलती. मी पन आईकलं." बाईंनी निवडलेली बडीशेप डब्यात परत टाकली. "अन् तुमाले सांगतो भाऊ, एक घडीभर मलेही वाटलं, खरंच, कोनी नाई. उठाचं ध्यानातच नाई आलं. तवर तो गेला."

पुढे नवरा वारला, लहान मुलाला घेऊन त्या यवतमाळला आल्या, संस्थेच्या बोर्डावर लागल्या. ट्रेनिंगशिवायच. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. मग म्हणाल्या, "म्हून जुनं नाव काढाचं नाई. नवं लिवा, जुनं बाजूले राहू द्या. कोनी जुन्या नावानं आलं तं दार उघडलं पाह्यजे." तेवढ्यात वीज आली आणि आम्ही आत गेलो. ते जुनं नाव काय होतं, हे मी विचारलं नाही. मला ते विचारावंसंच वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

हंगाम संपत आला तसा जागेचा विषय निघायला लागला. संचालक मंडळी विभाग पाहायला येणार होती आणि नेमक्या त्याच सुमारास बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस नागपूरला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन बजावलं, "सगळं करा भाऊ, यादीले हात नका लावू." मी हो म्हणालो. हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

त्या गेल्या त्याच दिवशी मी यादी उघडली. मनात म्हटलं, संचालकांना दिसू दे खरा विभाग कसा असतो ते. सगळ्या नद्या काढल्या. गावाचं आखूड नाव आणि पुढे आकडा, अशी नीट, एका मापाची नावं लावली. ‘सरकी’ काढून संस्थेची आद्याक्षरं आणली. प्रत्येक ओळीच्या शेवटी साठलेली जुनी, जवळची नावं होती तीही झाडून पुसली. पैनगंगेच्या ओळीत तर पाच-सहा होती आणि त्यातलं शेवटचं नाव नदीचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. ते पाहून मला आनंदच झाला. जिवंत माणसाचं नाव नको म्हणणाऱ्या बाईंनी आपलाच नियम मोडला होता आणि तो मी पकडला होता. ते नाव मी सगळ्यात आधी पुसलं.

नवी यादी फ्लॉपीवर घालून एसटीनं तिन्ही केंद्रांना पाठवली. पुसद आणि बोरी अरबनं ती यंत्रात टाकली. पांढरकवड्याच्या ऑपरेटरनं फ्लॉपी खणात ठेवून दिली. हे त्यानं नंतर साहेबांसमोर सरळ सांगितलं, "बाई आल्यावर त्याहीले विचारून टाकनार होतो."

संचालक आले, त्यांनी पडद्यावरची नवी नावं पाहिली, माना डोलावल्या. मी दिवसभर हवेत होतो. त्याच संध्याकाळी आमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ठेवायला जागा उरली नाही म्हणून साहेबांनी पांढरकवड्याला निरोप पाठवायला सांगितला, ‘दोन दिवस खरेदी बंद, गाड्या बोलावू नका.’ आमच्या कारकुनानं सवयीनं वाघाडीच्या नावानं निरोप टाकला. पैनगंगेनं, म्हणजे जी आता पैनगंगा राहिली नव्हती तिनं, असं कुणी माहीत नाही म्हणून सांगितलं. मी त्याला नवं नाव टाकायला लावलं. निरोप गेला, तारेवरून पांढरकवड्याला पोचला, आणि तिथल्या यंत्रानं तो परत पाठवला. जुन्या नावाला आम्ही ओळखत नव्हतो, नव्या नावाला ते ओळखत नव्हते.

परत आलेला निरोप विभागाच्या पडद्यावरच्या टपालपेटीत पडला, ती बाई नसताना मी बघत होतो. सहा वाजायला दहा मिनिटं होती आणि मी तो वाचला. या नावाचं इथे कुणी नाही, असंच त्याच्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं. काय झालंय हे मला लगेच कळलं. टेलिफोन हाताशी होता आणि मी त्याच्यावर हातही ठेवला. मग मला पलीकडचा आवाज आधीच ऐकू आला, ‘बाईले द्या’. बाई नाहीत म्हटल्यावर तो विचारणार, ‘हे नावाचं काय करून ठेवलं?’ मी हात काढून घेतला. उद्या सकाळी येऊन दुरुस्त करू असं ठरवलं आणि घरी गेलो. जेवलोही नीट.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात पोचायच्या आधीच पांढरकवड्याला गाड्या लागल्या होत्या. आतल्या पाड्यांवरून, जंगलाच्या कडेच्या गावांवरून लोक पहाटेच निघालेले. केंद्राचं आवार भरलेलं, माल उचलायला आमचे ट्रक आलेच नाहीत, म्हणून फाटक बंद. रांग वाढत पार हायवेला टेकली, हैदराबादकडे जाणारे ट्रक अडकले. दुपारी आभाळ आलं आणि अवेळी एक सर पडली. पंधरा मिनिटंच असेल, पण उघड्या गाड्यांतला कापूस भिजायला तेवढी पुरते. भिजलेल्या कापसाची प्रत उतरते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ऑपरेटरची कॉलर धरली गेली. तो म्हणत राहिला की मला निरोप आला नाही, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

मी ते दोन दिवस यंत्राशी झटापट करत होतो. एक ठीक केलं की दुसरं बिघडे, कारण ती जुनी नावं आणखी कुठे कुठे लिहिलेली होती हे मला माहीत नव्हतं. केंद्रांवरच्या कामाच्या प्रोग्रॅममध्ये होती, छपाईच्या यंत्रात होती, लोकांच्या बोटांत होती. साहेबांनी शेवटी नागपूरला माणूस धाडला, आणि बाई दहा दिवस पुरे व्हायच्या आधीच, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, दुपारच्या बसनं आल्या.

त्या खुर्चीवर बसल्या. एका डोळ्यानं यादी वाचली, या खेपेला मनातल्या मनात. मग पेटीतला तो परत आलेला निरोप उघडला. निरोप किती वाजता आला आणि किती वाजता वाचला गेला, हे यंत्र लिहून ठेवतं. बाईंनी तेही पाहिलं. मी मागे उभा होतो. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी माझी नवी नावं पुसली नाहीत. प्रत्येक ओळीत पुढे नद्या परत लिहिल्या, शेवटी टिंब सरकी. पंधरा मिनिटांत तिन्ही केंद्रं बोलायला लागली.

मग साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. ही चूक कुणाची, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "यादी माही आहे, साहेब. मी जाताना भाऊले सांगून जायले पाह्यजे होतं. नाई सांगतलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हणालो, "बाई, तुम्ही तर सांगितलं होतं."

त्यांनी पट्टी जरा सरळ केली. "ते जाऊ द्या. एक सांगा मले. फोन काहून नाई केला, भाऊ?"

मग त्या आत गेल्या.

महिन्याभरात जागा भरली. ती मला मिळाली. मी हक्कानं घेतली असं मी घरी सांगितलं, पेढे वाटले. बाईंनी अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, "खुर्ची तुमाले लखलाभ. यादी तेवढी माह्याकडं राहू द्या." मी हो म्हणालो. आणि मग मला कळलं की खुर्ची ही तिथली सगळ्यात निरुपयोगी वस्तू होती. फोन येत राहिले. "बाईले द्या." पांढरकवड्याचा माणूस मला पुढे कधीही उलट शब्द बोलला नाही, पण माझ्याशी कामाचंही बोलला नाही. मी प्रमुख होतो आणि फोन उचलून देत होतो. बाईंनी मला वाचवलं म्हणून मी त्यांचे उपकार मानायला हवे होते. मी मात्र त्यांच्यावर आणखीच जळायला लागलो, कारण आता त्यांच्यापाशी माझ्याविषयीचं एक खरं होतं आणि त्या ते वापरत नव्हत्या.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "तुमाले लागन," एवढंच. मी ती खालच्या खणात टाकली आणि चार वर्षं उघडली नाही. यादी यंत्रात होतीच. त्यांच्या अक्षराची मला गरज नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे.

पुढे संस्थाच मिटली. एकेक केंद्र बंद झालं. शेवटी यंत्रांची यादी करायची म्हणून मी खण रिकामा करत होतो आणि वही हाती आली. पहिल्याच पानावर पैनगंगेची ओळ होती. आकडा, पूर्ण नाव, मग जवळची नावं पेन्सिलीनं. सगळ्यात शेवटी ते बाईचं नाव, जे मी पहिल्या झटक्यात पुसलं होतं. त्याच्या समोर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘कोनी विचारत आलं तं’. आणि त्याच्या बाजूला, एका डोळ्यानं लिहिल्यासारख्या वाकड्या अक्षरात, ‘भाऊनं काढलं.’ नाव खोडलेलं नव्हतं.

मी यंत्र सुरू करून यादी पाहिली. बाईंनी त्या दिवशी सगळ्या नद्या परत लिहिल्या होत्या. हे एक नाव लिहिलं नव्हतं. ते मी परत टाकावं म्हणून सोडलं होतं, की आता कुणी विचारत येणार नाही असं त्यांना वाटलं होतं, ते मला माहीत नाही. दारातून परत पाठवणारी त्यांची सासू निदान अजाण होती. मला ती गोष्ट सांगितलेली होती, आणि मी नाव विचारलं नव्हतं.

ते नाव मी पैनगंगेच्या ओळीत लिहिलं. यंत्र दोन दिवसांत भंगारात जाणार होतं, तरी लिहिलं. मग त्या नावानं यंत्राला हाक मारून पाहिली आणि पैनगंगेनं ओ दिली. तेव्हाही मनात आलं ते हेच, की आपलं नाव असं कुणी कुठल्या ओळीच्या शेवटी जपून ठेवलेलं नाही. सवय लवकर जात नाही.

बाई तेव्हा पुसदला मुलाकडे होत्या. नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर होता. मी टेलिफोनवर हात ठेवला, आणि या खेपेला काढला नाही. फोन सुनेनं उचलला. ‘बाईले द्या’ हे दोन शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते, ते आता मला म्हणायचे होते. मी ते म्हटले नाहीत. वहीतलं ते नाव घेतलं. ते मी इथे लिहीत नाही. ते ज्यांचं आहे त्यांच्याकडेच राहू द्यावं.

"कोन?" सून म्हणाली.

मी नाव पुन्हा सांगितलं.

"नाई हो, राँग नंबर आहे. ह्या नावाचं इथं कोनी नाई."

ती फोन ठेवणार होती. तेवढ्यात मागून, आतल्या खोलीतून आवाज आला, बोर्डावर बसणाऱ्या बाईचा असतो तसा, न ओरडता लांब पोचणारा.

"आहे. दे इकडं."

पावलं ऐकू आली, बांगड्या वाजल्या, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. बाईंनी मी कोण हे विचारलंच नाही.

"केला का शेवटी फोन, भाऊ?" त्या म्हणाल्या.